मशीनच्या अंगात वारं

इंजिन स्लोवर, म्हणजे कमीत कमी वेगावर, उभं राहत नसेल तर आधी प्लग बघायचा, मग पेट्रोल, मग कार्बोरेटर. आयटीआयमध्ये मास्तरांनी हे फळ्यावर लिहून दिलं होतं आणि मी ते पाठ केलं होतं. माणसाचं कधी ऐकायचं ते फळ्यावर नव्हतं. असतं तरी मी त्या तासाला बाहेर टपरीवर असतो.

मी जळगावचा, मेहरूणचा. नोकरी लागली धुळ्याला, एका सूतगिरणीच्या मेंटेनन्स खात्यात. वय सव्वीस, खिशाला पेन, खिशात सर्टिफिकेटची झेरॉक्स. ती झेरॉक्स मी कुणाला दाखवायचो देव जाणे, पण घडीवर फाटेपर्यंत बाळगली. माझी आई साक्रीकडची, घरात अहिराणीच बोलायची. आयटीआयला गेल्यावर मी ती बोली टाकून दिली. कोणी अहिराणीत बोललं की मी मुद्दाम पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो आणि समोरचा गडबडला की बरं वाटायचं.

गिरणीच्या गेस्टहाऊससमोर लॉन होतं. धुळ्यात प्यायच्या पाण्याची बोंब, आणि आमच्या चेअरमनना हिरवंगार गवत पाहिजे. परदेशी इंजिनिअरांचा एक कॅम्प उठला तेव्हा चेअरमननी लिलावातून बसून चालवायचं गवतकापणीचं मशीन उचलून आणलं. लहानशा ट्रॅक्टरसारखं दिसायचं. वर सीट, पुढे स्टिअरिंग, बॉनेटखाली एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि पोटाखाली फिरणारी पाती. बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून दोरी ओढून चालू करायचं. स्पेअरपार्ट तर मुंबईतही मिळत नव्हते.

ते मशीन आबा चालवायचा. आबा म्हणजे गेस्टहाऊसचा माळी. पन्नाशी उलटलेला, साक्रीच्या पुढच्या कुठल्याशा डोंगराकडच्या खेड्यातला, डोक्यावर टोपी. सगळी गिरणी त्याला आबा म्हणायची आणि अरे-तुरे करायची. बैलगाडीखाली सापडून त्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. चालताना डावा पाय ओढायचा. पूर्वी गवत कापायला दोन माणसं लागायची, एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने पुढून दोरीने ओढायचं. ते आबाला जमत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी त्याला काढून टाकायचं चाललं होतं. तेवढ्यात हे मशीन आलं. बसून चालवायचं काम! आबा सीटवर बसला की त्याचा पाय कुणाला दिसायचा नाही.

मॅनेजरसाहेब मुंबईकडचे. त्यांनी आबाला शब्द दिला होता. उन्हाळ्यात परदेशी पाहुणे सूत कातायच्या चात्यांचं खातं बघायला येणार होते, तोवर लॉन गालिच्यासारखं राहिलं तर मशीनचा चालक म्हणून त्याचं नाव कायम करायच्या यादीत जाणार होतं. अकरा वर्षं हंगामी राबलेल्या माणसाला कायम होणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. आबा रोज सकाळी मशीन फडक्याने पुसायचा. म्हशीला चोळतात तसं.

मेच्या तोंडावर इंजिनाने झोके खायला सुरुवात केली. भरधाव चालवलं तर ठीक, पण स्लोवर आणलं की आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. फुलांच्या वाफ्याशी वळताना वेग कमी केला की दोन आचके देऊन बंद. मग आबाने उतरायचं, लंगडत पुढे जायचं, दोरी ओढायची, पुन्हा चढून बसायचं. एका फेरीत सहा-सहा वेळा. खात्यातले लोक जाळीच्या दाराशी उभे राहून मोजायचे. मीही मोजायचो.

पाहुणे यायला दहा-बारा दिवस होते. मॅनेजरसाहेबांनी मशीन माझ्याकडे दिलं. मी फळ्यावरच्या क्रमाने निघालो. प्लग काढला, घासला, गॅप लावला. पेट्रोल काढून गाळून भरलं. एअर फिल्टर धुतला. कार्बोरेटरचं पोट उघडून जेटला हवा मारली, फ्लोट बघितला, स्लोचा स्क्रू अर्धा आटा आत, अर्धा आटा बाहेर. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणून बघितली. काही फरक नाही. दोन दिवस झाले, तिसरा उजाडला. खात्यातले लोक आता मला मोजायला लागले होते, आणि ते मला सहन होत नव्हतं.

आबा आमच्या खात्याच्या शेडच्या दाराशी येऊन उकिडवा बसायचा. पाय पूर्ण दुमडत नसे, म्हणून एका बाजूला कलून. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मिस्तरीभाऊ, येना आंगमा कथाइन तरी वारा शिरस."

अंगात कुठून तरी वारा शिरतोय. मी मान वर केली नाही.

"चोक आर्धा वढा का सुदं चालस," तो म्हणाला. "तोंड दाबं का बरं वाटस त्याले. म्हंजे दुसरा कथाइन वारा खास."

आज हे लिहिताना मला घाम फुटतो, इतकं ते बरोबर होतं. चोक म्हणजे इंजिनाच्या तोंडावरचं झाकण. ते अर्धं बंद केल्यावर इंजिन सुतासारखं सरळ चालतं, याचा अर्थ त्याला हवा जास्त होतेय आणि ती तोंडातून नव्हे, दुसऱ्या कुठून तरी येतेय. मास्तरांनीसुद्धा हेच सांगितलं असतं, फक्त फळ्यावर सांगितलं असतं. आबाने ते आठवडाभर मशीनवर बसून, नुसत्या कानाने ओळखलं होतं.

मी काय केलं? मी पाना खाली ठेवला, लोकांकडे वळलो आणि मोठ्याने म्हणालो, "ऐकलं का? आबा म्हणतोय मशीनच्या अंगात वारं येतं!"

शेड हसून हसून लोळायची बाकी राहिली. अंगात वारं येणं म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. देवी येते, माणूस घुमायला लागतो, केस सुटतात. आबा म्हणाला होता वारा, मी केलं वारं. एका अनुस्वाराचा फरक. मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. वारा म्हणजे वारा हे कळायला अहिराणी लागत नाही, आणि मला तर अहिराणीही येत होती. तीन दिवस लोक मला हसत होते. त्यांना हसायला दुसरं कोणीतरी देणं भाग होतं, एवढीच गोष्ट होती.

आबाही हसला. त्याला वाटलं गंमत चाललीय. "नही भाऊ, तसं नही," म्हणाला. "दखाडस तुम्हले."

दाखवतो म्हणाला आणि गेला. परत आला तो हातात पेटलेली उदबत्ती घेऊन.

आता यातली गोम सांगतो, कारण त्या दिवशी कुणी ती विचारली नाही. त्याच्या गावाकडे विहिरीवरचं इंजिन पाणी ओढेनासं झालं की पाइपाच्या जोडाशी उदबत्ती धरतात. जिथून पाइप हवा खातो तिथे धुराची रेघ वाकून आत जाते. मग तिथे शेणमाती लिंपायची. साधी, पोट भरलेल्या माणसाला न सुचणारी युक्ती. आबाने इंजिन चालू करायला सांगितलं. ते झोके खात सुरू झालं. तो वाकला आणि उदबत्ती इंजिनाभोवती सावकाश फिरवू लागला, आधी टाकीच्या नळीपाशी, मग कार्बोरेटरकडे.

आता सांगा, उदबत्ती घेऊन मशीनभोवती फिरणारा म्हातारा बघितल्यावर त्या लोकांना काय वाटणार होतं?

"ओवाळतोय रे!" कोणीतरी ओरडलं. एकजण टपरीवरून लिंबू-मिरची घेऊन आला. दुसऱ्याने खात्यातल्या देवाच्या तसबिरीपुढचं कुंकू आणून बॉनेटला फासलं. उदबत्ती कार्बोरेटरच्या मागच्या जोडापासून चार बोटांवर आली होती. मी पुढे झालो आणि तिच्यावर फुंकर मारली. ज्योत नव्हती, निखारा उलट फुलला, मग तो ओल्या बोटांनी चिमटून विझवला. मग लिंबू स्टिअरिंगला बांधलं आणि म्हणालो, "आबा, मशीन काही बोलत नाही. आता तूच घुम. विचार त्याला, काय पाहिजे."

"मिस्तरीभाऊ, आयका तं..."

"घुम ना, आबा!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. घुम, घुम, घुम. आबा विझलेली काडी धरून मध्ये उभा. एकाने मागून खांद्याला धक्का दिला, घुमायला सुरुवात करून द्यावी म्हणून. वाकडा पाय सरकला आणि आबा तेलाच्या डागावर बसकण मारून पडला. टोपी उडाली. टोपीशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघितलं. डोकं अगदी लहान होतं. मला हसू आलं, आणि मी ते दाबलंही नाही.

त्याच वेळी मॅनेजरसाहेब दारात आले.

त्यांना दिसली पेट्रोलची टाकी आणि जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात अर्धी जळलेली उदबत्ती. बाकी सगळे तोवर आपापल्या पान्याला लागले होते. साहेबांनी मला विचारलं, हे काय आहे?

आबा माझ्याकडे बघत होता. घाबरून नाही बघत होता, तेच तर अजून खुपतं. मी सांगेन या खात्रीने बघत होता. मला अहिराणी कळते हे त्याला ठाऊक होतं. एकदा माझी आई मला भेटायला गिरणीच्या गेटवर आली होती, तेव्हा हाच तिच्याशी तासभर माहेरच्या गप्पा मारत बसला होता.

"साहेब," मी म्हणालो, "आबा म्हणतो मशीनच्या अंगात वारं आलंय. उतरवत होता."

साहेब चिडले. पेट्रोलजवळ आग, कारखाना आहे की मसणवटा, असं बरंच बोलले. मग मला विचारलं, हे मशीन बिघडलंच कसं? माहीत नाही म्हणायची माझी जीभ नव्हती. मी म्हणालो, "चोक ओढून चालवतो साहेब. इंजिन त्यानेच गेलं." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण मी तर अंगण झाडणाऱ्यालाच वाकडा ठरवला.

आबाला त्याच दिवशी मशीनवरून उतरवलं.

लॉन तर कापायचं होतंच. गोदामातलं जुनं ढकलायचं यंत्र काढलं. मागून ढकलायला एक धट्टाकट्टा हमाल दिला आणि पुढून दोरी ओढायला आबा. दोरी खांद्यावरून छातीवर घेऊन तो वाकायचा, उजवा पाय रोवायचा आणि डावा ओढत आणायचा. मेचं ऊन. हमाल जोरात ढकलायचा तेव्हा दोरी सैल पडून आबा पुढे तोंडावर जायचा, थांबला की मागे खेचला जायचा. आठ दिवस हे चाललं. आमच्या खात्याच्या खिडकीतून लॉन दिसायचं. डबा खाताना कुणीतरी "हुर्र" करायचं, बैलाला करतात तसं. पहिल्यांदा ते मीच केलं होतं. नंतर करायची गरज पडली नाही, लोक शिकले.

पाहुणे आले. चात्या बघितल्या, लस्सी प्यायले, सावली सोडून कुणी बाहेर आलं नाही. लॉनकडे पाठ करून फोटो काढले आणि गेले. पुढच्या आठवड्यात कायम झालेल्यांची यादी लागली. आबाने ती माझ्याकडूनच वाचून घेतली, कारण त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचलं. तो म्हणाला, "परत देखा ना." मी परत वाचलं.

दोरी ओढून त्याची कंबर कामातून गेली होती. त्याला झाडूकाम दिलं, खात्यांतला कचरा उचलायचं.

मशीन शेडमध्ये लिंबासकट उभं होतं. जूनच्या सुरुवातीला चेअरमननी विचारलं, आमचं मशीन कुठे? मॅनेजरसाहेबांनी मला दोन दिवसांची मुदत दिली.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी शेडचं दार आतून लावलं. तसबिरीपुढच्या पुड्यातून एक उदबत्ती घेतली. हो, घेतली. इंजिन चालू केलं आणि आबासारखा वाकून ती काडी फिरवायला लागलो. कोणी बघेल म्हणून एक डोळा दाराच्या फटीवर होता. कार्बोरेटर जिथे इंजिनाला बसतो त्या जोडापाशी धुराची रेघ आली, क्षणभर डुलली आणि वाकून आत गेली. जिथे मी फुंकर मारली होती तिथून चार बोटांवर.

दोन बोल्ट सोडले आणि गॅस्केट हातात आलं. गॅस्केट म्हणजे दोन लोखंडांच्या मधली पुठ्ठ्याची चकती, हवा शिरू नये म्हणून. ते मूळचं नव्हतं. फेब्रुवारीत सर्व्हिसिंग करताना मूळचं फाटलं होतं. दुसरं मिळत नव्हतं, म्हणून मी टेबलाच्या खणातला जाड पुठ्ठा घेऊन कात्रीने कापून बसवलं होतं. आमच्याकडे हे सगळेच करतात. फक्त पुठ्ठा कुठला ते बघायचं असतं. माझा पुठ्ठा धुळ्याच्या उन्हात वाळून मधोमध तडकला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस मी जो फॉल्ट शोधत होतो तो मीच, माझ्या हाताने, तिथे बसवला होता.

ते पुसलं तर खाली गुलाबी रंग निघाला. त्यावर सोनेरी अक्षरं, भोकाच्या कडेला कापली गेलेली. "चि. सौ. कां." एवढं शाबूत होतं, पुढचं नाव बोल्टच्या भोकात गेलं होतं. एका कोपऱ्यात हळदीचा डाग.

ती आबाच्या मुलीची लग्नपत्रिका होती. फेब्रुवारीत त्याने ती मला दोन्ही हातांनी दिली होती. "तुम्हले येनाच पडी भाऊ, आईले बी लई या," असं म्हणून आईलाही घेऊन यायला सांगितलं होतं. मी गेलो नाही. आईला सांगितलंसुद्धा नाही. पत्रिका खणात टाकली होती, आणि पुठ्ठा जाड होता.

मला रडू वगैरे आलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू. राग आला. आबाचाच आला. हा म्हातारा दुसऱ्या कुणाला पत्रिका देऊ शकला नसता का, असा. गॅस्केट टेबलाखालच्या कचऱ्यात फेकलं. जळगावला जाऊन गॅस्केट पेपर आणला, नीट कापला, दोन्ही बाजूंना शेलॅक, म्हणजे लाखेचा लेप, लावून बसवला. इंजिन सुरू केलं. स्लोवर असं उभं राहिलं की बॉनेटवर ठेवलेलं नाणं पडलं नाही.

मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली. "काय फॉल्ट होता?"

"गॅस्केट उडालं होतं साहेब."

"कशाने?"

या प्रश्नाला एक खरं उत्तर होतं, आणि ते दिलं असतं तर आबा दुसऱ्या दिवशी सीटवर बसला असता. यादी पुन्हा निघते, नावं मागाहूनही घातली जातात, हे मला माहीत होतं. मला फार तर चार शब्द ऐकावे लागले असते.

"चोक ओढून चालवल्याने," मी म्हणालो.

मशीनवर चेअरमनच्या गावाकडचा एकजण बसला. सहा महिन्यांत तो कायम झाला.

मशीन सुरू झाल्यावर दोन दिवसांनी आबा आमच्या खात्यात झाडायला आला. बाहेर लॉनवर मशीन चाललं होतं, वळणावर हळू होत होतं आणि बंद पडत नव्हतं. आबा झाडू थांबवून कान देऊन ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. मला शपथ घालून विचारा, आनंदच होता.

"निंघना का वो वारा, भाऊ?" त्याने विचारलं.

"निघाला," मी म्हणालो. "लिंबाने निघाला."

लोक हसले. आबा पुन्हा झाडायला लागला. कचरा सुपलीत ओढताना त्याचा हात थांबला. तो वाकला, आणि त्याने त्यातून गुलाबी चकती उचलून अंगठ्याने पुसली. वाचता येत नव्हतं त्याला, पण वाचायची गरजही नव्हती. रंग त्याने पसंत केला होता, हळदीचं बोट त्याच्याच घरातलं होतं. त्याने ती उजेडाकडे धरली. तडकलेल्या रेघेतून खिडकीचं ऊन आलं. ती रेघ त्याने नखाने चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मला वाटलं आता हा पत्रिकेचं बोलेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"आठेच शिरे ना, मिस्तरीभाऊ, वारा?" तो म्हणाला.

इथूनच शिरत होता ना, एवढंच विचारलं त्याने, आणि माझ्याकडे बघत राहिला. हो म्हणायचं होतं. एक अक्षर. लोकांना ऐकूही गेलं नसतं.

"आबा," मी म्हणालो, "कोपऱ्यातला पण उचल."

त्याने टोपी काढली, ती चकती टोपीच्या घडीत सरकवली आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग पाय ओढत गेला आणि कोपऱ्यातला कचरा उचलला.